डावीकडे चार बोटं

कागदावर अठरा भोकं होती. त्यांतली पंधरा काळ्या ठिपक्याच्या डावीकडे होती, आणि त्या पंधरांचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून बहात्तर मिलीमीटरवर येत होता. धाकटीने ते अंतर तीनदा मोजलं. पहिल्यांदा पट्टीने, दुसऱ्यांदा कर्कटकाने, आणि दुसरं उत्तर एका मिलीमीटरने वेगळं आलं म्हणून तिसऱ्यांदा पुन्हा पट्टीने. मैदानावरच्या भाषेत सांगायचं तर डावीकडे चार बोटं. वर-खाली काही बिघाड नव्हता.

भोकं दादाच्या बाणांची होती. हा सलग तिसरा आठवडा. तिन्ही आठवड्यांचे कागद तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकाखाली एक मांडले होते. आधी तीन बोटं, मग साडेतीन, आता चार. माणूस दमला की त्याचे बाण पसरतात. दादाचे पसरत नव्हते. ते गुण्यागोविंदाने एका जागी जात होते, फक्त ती जागा चुकीची होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती उठली, खिडकी उघडली, बंद केली, परत येऊन बसली. गॅसवरचं दूध उतू जाता जाता राहिलं. ओटा पुसताना तिला एक शंका आली म्हणून फडकं हातात घेऊनच ती टेबलाशी आली आणि पहिल्या कागदावरचं अंतर पुन्हा मोजायला लागली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्पर्धेचा फॉर्म पडला होता. दोघांची वयं, पत्ते, सह्या, सगळं भरलेलं. ‘जोडीचा प्रकार’ या शब्दांपुढचा चौकोन तेवढा कोरा. पर्याय दोनच होते, लाँगबो किंवा रिकर्व्ह. जोडीतल्या दोघांनी एकाच प्रकारचं धनुष्य वापरायचं, आणि एकदा लिहिलं की वर्षभर बदल नाही, असा नियम. अकरा वर्षं तो चौकोन दादा उभ्या उभ्या भरत आला होता. यंदा त्याने फॉर्म तिच्या हातात दिला. “तुझं अक्षर बरं आहे,” म्हणाला. त्याला पाच आठवडे झाले. मुदत शनिवारी संपत होती आणि धाकटीचं घोंगडं अजून भिजतच पडलं होतं.

लाँगबो म्हणजे सरळ लाकूड. माणसाच्या उंचीएवढं, दोरी चढवली की बेताचं वाकणारं. दादाची सुतारकामाची कार्यशाळा होती, दारं-खिडक्यांची. दोघांचेही लाँगबो त्याने स्वतः तासलेले. रिकर्व्ह त्याहून आखूड असतं, हातात जड लागतं, आणि त्याची टोकं पुढच्या बाजूला उलटी वळलेली असतात. त्या वळणामुळे कमी जोर लावूनही बाण तेवढाच वेग घेतो. दादा त्याला ‘शिंगं’ म्हणायचा. मैदानावर कोणी रिकर्व्ह घेऊन आलं की मोठ्याने विचारायचा, “आज कुणाला शिंगं फुटली?” आणि सगळ्यात आधी स्वतःच हसायचा.

गेले सात महिने दर मंगळवारी धाकटी क्लबच्या कपाटातलं रिकर्व्ह काढून मारत होती. मंगळवारी दादा गिऱ्हाइकांकडे दारं बसवायला जायचा, म्हणून मंगळवार. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक टपालकाका, कारण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून क्लबचा सगळा कारभार तेच बघत. आणि दुसरी दातांची डॉक्टर, कारण मंगळवारी तीही रिकर्व्ह घेऊन यायची. तिला जोडीदार नव्हता. तिने धाकटीला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा धाकटीने “बघते” म्हणून वेळ मारून नेली होती.

वही मात्र तिने नीट ठेवली होती. डाव्या बाजूला लाँगबो, उजव्या बाजूला रिकर्व्ह. लाँगबो हलकं, आवाज कमी, बोटांच्या बारीकसारीक चुका पोटात घालणारं. पण सुटताना मुठीला झटका बसतो, आणि ओढीचे शेवटचे दोन इंच अंगावर येतात. रिकर्व्हला झटका कमी, शेवटचे इंच मऊ, पण मूठ जराशी वळली की बाण सांगून टाकतो. दोन्ही बाजूंना सात-सात मुद्दे झाले होते. तिने ते मुद्दाम सारखे केले नव्हते, पण सारखे झाले होते खरे, आणि त्यामुळे वहीचा काही उपयोग उरला नव्हता.

एक गोष्ट वहीत नव्हतीच. रिकर्व्ह पूर्ण ओढलं की सोडण्याच्या आधी अर्धा सेकंद सगळं थांबायचं. दंड थरथरत नसे, श्वास अडकत नसे, समोरचा ठिपका जागच्या जागी असे. लाँगबोने तिला असा अर्धा सेकंद अकरा वर्षांत दिला नव्हता. मंगळवारी तिथून परत येताना ती पायी यायची, तीन स्टॉप आधी उतरून. पण याला एकक कुठलं लावायचं? म्हणून ते लिहायचं राहिलं.

तिची नोकरी वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. औषधांच्या दुकानांचे, दवाखान्यांचे काटे तिच्याकडे यायचे आणि ते खरं बोलतात की नाही हे ती सांगायची. त्यामुळे दादाचे बाण डावीकडे का जातात याचा तपास तिने तिच्या पद्धतीनेच सुरू केला.

मैदानात रविवारी ती म्हणाली, “दादा, तुझं धनुष्य दोन दिवस दे. मेण लावून देते. आणि बाणही दे.”

“मेण लावायला दोन दिवस? मेण लावणारेस की बारसं करणारेस?”

“दे ना रे.”

“घे बाई. फूटपट्टीच्या हातात गेलं, आता त्याचा रक्तगटही कळेल.” लहानपणापासून तो तिला फूटपट्टीच म्हणायचा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने ते धनुष्य प्रयोगशाळेतल्या भिंतीवरच्या खुंटीला मुठीत अडकवलं, दोरीला स्प्रिंगच्या काट्याचा आकडा लावला आणि एकेक इंच ओढत आकडे लिहिले. सव्वीस इंचांना त्रेचाळीस पौंड. अठ्ठावीस इंचांना अठ्ठेचाळीस. चार वर्षांपूर्वीच्या वहीतही हेच होतं. लाकूड थकलेलं नव्हतं. मग तिने बाण घेतले. एकेक बाण दोन टेकूंवर आडवा ठेवून मधोमध वजन टांगलं आणि तो किती वाकतो ते पाहिलं. सगळे पूर्वीइतकेच वाकले.

तिने डब्यातला घास घेतला आणि चावायला विसरली. धनुष्य तेच, बाण तेच. बाण सुटताना थोडासा वाकून धनुष्याला वळसा घालतो आणि मगच सरळ जातो. जोर कमी मिळाला तर तो पुरेसा वाकत नाही, ताठच राहतो, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा असा बाण डावीकडे जातो. भोकं म्हणत होती, जोर कमी पडतोय. काटा म्हणत होता, जोर पुरेपूर आहे. काट्यावर अविश्वास दाखवायचा म्हणजे तिला स्वतःच्या नोकरीवरच दाखवावा लागला असता. दुपारभर तिचं कामात लक्ष लागलं नाही. एका दवाखान्याचा काटा तिने पास केला, मग परत मागवला, परत तपासला, परत पास केला. शिपाई म्हणाला, “मॅडम, काट्याचा जीव टांगणीला लागलाय.”

दुसऱ्या दिवशी मंगळवार असूनही ती मैदानावर गेली नाही. धनुष्य परत द्यायला दादाच्या घरी गेली. दादा आला नव्हता. वहिनी दार उघडून म्हणाली, “ये. चहा टाकते. आणि ही हमाली कशाला, उद्या मैदानावर दिलं असतंस की.”

“म्हटलं येऊन जावं.”

“तुझ्या भावाने घरात नवीन शास्त्र काढलंय, बघ.” वहिनीने ओट्याकडे हात केला. वरची फळी रिकामी होती. डबे, चहाची पातेली, मोठा कुकर, सगळं खाली ओट्यावर आणि ओट्याखाली दाटीवाटीने बसलं होतं. “म्हणतो, वस्तू हाताशी असाव्यात. वीस वर्षं मी हेच ओरडत होते, तेव्हा म्हणायचा, तू बुटकी आहेस त्याला फळी काय करणार.”

धाकटीने रिकाम्या फळीकडे पाहिलं. तिथे डब्यांच्या बुडांचे गोल डाग होते.

“कधी काढलं हे?”

“झाला असेल महिना. आणि शर्ट घालताना पाहा. आधी उजवी बाही, मग सगळा शर्ट मागून फिरवून आणतो. मी विचारलं तर म्हणे, फॅशन आहे.” वहिनी हसली, पण चहा गाळताना तिने धाकटीकडे एकदा पाहिलं, आणि ते पाहणं हसण्यातलं नव्हतं. “मी काही म्हणाले असं सांगू नकोस. नाकावर माशी बसू देत नाही, माहीत आहे ना.”

तेवढ्यात दादा आला. केसांत लाकडाचा भुसा. येता येता त्याने सवयीप्रमाणे धाकटीच्या डोक्यात टपली मारली. “काय फूटपट्टी, झालं मेण?” टपली डाव्या हाताची होती.

“झालं.”

“फॉर्म दिलास?”

“देते.”

“अगं देते काय? एक शब्द लिहायचाय. लाँ-ग-बो. जमत नसेल तर मी त्याहून सोपा शब्द शोधून देतो.”

ती हसली. जिना उतरताना मधल्या वळणावर तिचा पाय थांबला. अठ्ठावीस इंच ओढलं की अठ्ठेचाळीस पौंड, हे काट्याने सांगितलं होतं. दादा अठ्ठावीस इंच ओढतो, हे तिला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. ते अकरा वर्षांपूर्वी वहीत लिहिलेलं होतं. तिने धनुष्य मोजलं, बाण मोजले आणि मधला माणूस सोडून दिला. नवशिक्याने अशी चूक केली असती तर तिने त्याला दिवसभर उभं केलं असतं.

पण अकरा वर्षं दर आठवड्याला बरोबर उभी असून तिला ते दिसलं कसं नाही, याचंही कारण होतं. जोडीतला एक मारत असताना दुसऱ्याने मागे उभं राहून फक्त लक्ष्याकडे बघायचं आणि बाण लागला की जागा सांगायची, अशी त्यांच्या क्लबची रीत होती. मारणाऱ्याकडे बघायचं नाही. “बघितलं की शिकवावंसं वाटतं,” टपालकाका म्हणायचे, “आणि शिकवलं की जोडी मोडते.” धाकटीने दादाचे हजारो बाण लागताना पाहिले होते. सुटताना एकही पाहिला नव्हता.

बुधवारी सकाळी तिने दादाच्या एका बाणावर पेन्सिलीने तीन बारीक रेघा ओढल्या. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. बाण पूर्ण ओढला की अठ्ठावीसची रेघ धनुष्याला टेकायला हवी आणि पुढे फक्त टोक दिसायला हवं.

संध्याकाळी मैदानावर वारा नव्हता. गवताचे गठ्ठे तीस मीटरवर रचलेले, त्यांवर नवे कागद. आधी तिची पाळी होती. तिचे पहिले बाण वेडेवाकडे गेले. दादा मागून सांगत होता, “उजवी, तीन. वर, दोन. अगं कुठे लक्ष आहे? खाली, पाच. पाच म्हणतोय मी, मोठी पाच.” शेवटचे बरे गेले. मग जागा बदलली. दादाने भात्यातून बाण काढला. पहिला लागला. “डावी, चार,” ती म्हणाली. दुसरा. “डावी, चार.” तिसरा काढताना त्याने बोटांत फिरवला. तो रेघांचा होता.

अकरा वर्षांची मानेची सवय होती, मान वळेना. तिने ती वळवली.

दादाने धनुष्य उचललं, ओढायला सुरुवात केली, आणि दोरी जिथे थांबली तिथे त्याचा गाल नव्हता. गाल दोरीकडे आला. मान पुढे काढून, हनुवटी लांबवून त्याने गालाचा कोपरा दोरीला नेऊन टेकवला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ओढ पुरी झाली. पण धनुष्याच्या पुढे पेन्सिलीच्या दोन रेघा उघड्या दिसत होत्या. उजवा खांदा कानापर्यंत चढला होता आणि मनगटाजवळची शीर उडत होती. त्याने डोळा मिटला नाही, पण ओठ आत ओढून घेतले होते. गरम भांडं हाताने उचलताना माणूस ओढून घेतो तसे.

बाण सुटला.

“कुठे?” दादाने विचारलं.

ती अजून त्याच्या खांद्याकडेच बघत होती.

“अगं, कुठे?”

“मी... पाहिला नाही.”

दादा लगेच वळला नाही. आधी त्याने धनुष्य खाली टेकवलं. मग वळून तिच्याकडे पाहिलं, मग भात्यातल्या उरलेल्या बाणांकडे, आणि मग लांबवरच्या कागदाकडे, जिथे तो रेघांचा बाण आता रुतला होता. त्याला काही समजवायची गरज नव्हती. हयातभर लाकडावर पेन्सिलीच्या रेघा मारणारा माणूस तो.

“आज पुरे,” म्हणाला आणि दोरी उतरवायला लागला. गुडघ्याने धनुष्य दाबून, डाव्या हाताने.

गुरुवारी त्याने फोन उचलला नाही. धाकटीने ती संध्याकाळ घरभर फिरत काढली. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती या खोलीतून त्या खोलीत जायची आणि कशाला आलो ते विसरायची. कपाट आवरायला काढलं आणि अर्धवट ठेवलं. पण एका अर्थाने तिला हुरूप आला होता. आता मुद्दे सात-सात राहिले नव्हते. आठवा मुद्दा मिळाला होता, आणि तो उजव्या बाजूला पडत होता. अडतीस पौंडांचं रिकर्व्ह घेतलं तर दादाला दहा पौंड कमी ओढावे लागणार, आणि बाणाचा वेग जवळपास तोच. खांदा वाचेल, जोडी वाचेल, आणि आपल्याला रिकर्व्ह मिळेल, हे तिने शेवटी आणि फार घाईने मनात म्हटलं. तिने एका आलेखाच्या कागदावर दोन्ही धनुष्यांच्या रेषा काढल्या, लाल आणि निळी. छान आला होता आलेख. रिकर्व्हची रेषा सुरुवातीलाच चढत होती आणि शेवटी आडवी होत होती. ती तो पुन्हा पुन्हा बघत राहिली आणि दर वेळी तिला कुठेतरी खडा लागत होता, पण कुठे ते सापडेना.

शुक्रवारी दुपारी ती रजा टाकून कार्यशाळेत गेली. आत रंध्याचा आवाज नव्हता. दादा चौकटीला पॉलिश कागद मारत होता, डाव्या हाताने, सावकाश. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर टपालकाका बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीवर कोरे फॉर्म, खिशाला पेन.

“आलीस,” टपालकाका म्हणाले. “चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, पण असं उलटं काम कधी केलं नाही. पत्रच लिहिलं जात नाही आणि पोस्टमन दारात बसलाय.”

“काका, उद्यापर्यंत मुदत आहे ना?”

“उद्या दुपारी बाराला मला ते गठ्ठा करून पाठवायचेत. तुझ्या बाराचं मला माहीत आहे, ते संध्याकाळी वाजतात.”

दादा वर न बघता म्हणाला, “लिहा लाँगबो आणि जा घरी.”

“थांब,” धाकटी म्हणाली. तिने आलेखाचा कागद बाकावर पसरला, कडेला दोन खिळ्यांच्या पुड्या ठेवल्या. “हे बघ. हे तुझं आत्ताचं धनुष्य. तू सव्वीस इंच ओढतोयस, म्हणजे त्रेचाळीस पौंड, तेही मान पुढे काढून. हे अडतीस पौंडांचं रिकर्व्ह. हा वेग बघ. जवळपास सारखा. शेवटच्या इंचांना बोजा येत नाही. मुठीला झटका कमी. खांद्याला...”

“खांद्याला काय?”

“आराम.”

“डॉक्टरकडे गेलो होतो मी,” दादा म्हणाला. “मार्चमध्ये. तो म्हणाला, वय झालं. म्हटलं, ते फुकट सांगतात लोक.” त्याने पॉलिश कागद झटकला. “सव्वीस तर सव्वीस. बाण मऊ घेईन, जास्त वाकणारे, डावीकडे जायचे थांबतील. मान पुढे काढून मारायची तर मान माझी आहे. शिंगं मी हातात धरणार नाही. हे काही रुसून बोलत नाही. मला ते लाकूडच वाटत नाही, एवढंच.”

“पण दुखतंय तुला!”

“दुखतंय.”

“मग हट्ट कशाला?”

“हट्ट माझा आहे ना? मग राहू दे की माझ्यापाशी.” तो बाकाशी आला. आलेखावर वाकून दोन्ही रेषांवरून त्याने बोट फिरवलं. सुताराचं बोट, नखाशी जुना काळा डाग. “सुरेख काढलायस. पण फूटपट्टे, हा माझ्यासाठी काढलायस होय?”

“मग कुणासाठी?”

“तुझे बाण मीच बघतो. विसरलीस? बुधवारी तुझे पहिले सहा पसरतात. मग गोळा होतात. रविवारी पसरत नाहीत. फक्त बुधवारी. गेले सहा-सात महिने.” तो सरळ झाला. “मला वाटलं, बुधवारी ऑफिसात काही त्रास असेल. मग वाटलं, बुधवारी नाही, आदल्या दिवशी काहीतरी होत असेल. हाताला दुसरी कुठली तरी मूठ सवयीची झाली की पहिले सहा असे जातात. रंधा बदलला की माझंही होतं.”

धाकटीने टपालकाकांकडे पाहिलं.

“मी नाही सांगितलं,” टपालकाका घाईने म्हणाले. “माझ्या पोटात चाळीस वर्षांची लोकांची पत्रं आहेत.”

“त्यांनी नाही सांगितलं. कागदाने सांगितलं,” दादा म्हणाला. “म्हणून तर फॉर्म तुझ्याकडे दिला. म्हटलं, मी लिहीन तर लाँगबोच लिहीन. तिला काय लिहायचंय ते तिने लिहावं. तर तू पाच आठवडे तळ्यात-मळ्यात खेळलीस आणि आज माझा खांदा घेऊन आलीस.”

“तुझा खांदा खराच दुखतोय, दादा. मी मोजलंय.”

“दुखतोय की. पण म्हणून माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस. उद्या मी तुझ्या आलेखापुढे मान डोलावली, शिंगं उचलली, तर काय होईल सांगू? दर रविवारी मला वाटेल, हिच्यासाठी धरलंय. आणि तुला वाटेल, याच्यासाठी धरलंय. दोघं एकमेकांवर उपकार करत बसू, आणि बाण कुणाचाच लागणार नाही.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिकपिक बराच वेळ चालली होती. धाकटीने खिळ्यांची एक पुडी उचलली, कागदाची कड गुंडाळली गेली, तिने ती परत ठेवली. मग दुसरी उचलली. खडा कुठे लागत होता ते आता तिला कळलं होतं. आलेखात चूक नव्हती. सगळे आकडे बरोबर होते. फक्त त्या कागदावर ती स्वतः कुठेच नव्हती, आणि ते तिला सोयीचं होतं.

“मी रिकर्व्ह लिहिलं तर जोडी राहणार नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. “तू नाही म्हणतोयस, म्हणजे तेच ना?”

“तेच. ती दातांची डॉक्टर आहे की. चांगली मारते. बडबड कमी करते माझ्यापेक्षा.”

“आणि तू?”

“मी एकेरीत उतरेन, मान पुढे काढून. नाहीतर नाही उतरणार. ते माझं मी बघेन. ते तुझ्या वहीत नको.”

“चिडलायस?”

दादा चौकटीकडे वळला. चौकटीवरची भुकटी फुंकली. “चिडेन कदाचित. रविवारी, तू नसशील तेव्हा. आत्ताच कसं सांगू? पण मला न सांगता तू तेच खेळत राहिलीस तर जास्त चिडेन, हे आत्ता सांगतो.”

ती बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. अजून एक प्रश्न विचारता आला असता. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का, छत्तीस पौंडांचा लाँगबो तासलास तर, या वर्षी असू दे आणि पुढच्या वर्षी बघू, असे पुष्कळ प्रश्न तिच्याकडे तयार होते. एकेक जिभेच्या टोकावर येऊन उभा राहत होता. तिने ते गिळले.

टपालकाकांनी खिशातून पेन काढून टोपण उघडलं आणि फॉर्म पिशवीवर सरळ केला. “मी इथे नाही असं समजा,” ते म्हणाले. “पण जोडीचा प्रकार?”

धाकटीने काकांकडे पाहिलं नाही, फॉर्मकडेही नाही. तिने दादाकडे पाहिलं.

“मला रिकर्व्ह मारायचंय, दादा. तुझा खांदा ठणठणीत असता तरी मला तेच मारायचं होतं.”